हंगाम, हंगामा आणि हंगामी

मराठीतला ‘हंगाम’ आणि उर्दूतला ‘हंगामा’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. हंगाम म्हणजे वेळ, ऋतू. हंगामा म्हणजे गर्दी, गोंधळ. त्यांचाच तिसरा भाऊ ‘हंगामी’. मराठीत त्याचा अर्थ तात्पुरता, तर उर्दूत ‘हंगामी हालात’ म्हणजे आणीबाणी. दोन्ही भाषा शिकवताना मुलांना हे सांगायला मजा येते. पण दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात आमची जी मुलं पर्यटनाच्या कामाला जातात, त्यांच्या वाट्याला तिन्ही शब्द एकदमच येतात. हंगाम मालकाचा, हंगामा पर्यटकांचा आणि नोकरी हंगामी.

रत्नागिरीला हंगाम नवा नाही. आंब्याचा हंगाम आहे, मासळीचा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हे मिरकरवाड्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. आता त्यात पर्यटनाचा हंगाम आला. आरे-वारेचा रस्ता सुट्टीत गाड्यांनी भरतो. गणपतीपुळ्याला पाण्यातले खेळ, उंट, घोडे, खाण्याच्या गाड्या. तिथलंच ‘प्राचीन कोकण’ पुतळ्यांतून जुनं गाव उभं करतं. म्हणजे तेही एक प्रकारे थीम पार्कच. मुंबईकडचे मोठे पार्क तर सगळ्यांना ठाऊक आहेत. 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, 1998 मध्ये शेजारीच वॉटर किंगडम, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. बारावीचा पेपर संपला की निकालापर्यंतचे दिवस अशा कुठल्यातरी ठिकाणी कामात घालवायचे, असं अनेक मुलं ठरवतात.

घरचे म्हणतात, “बरंच आहे, मजेच्या जागी काम.” मजा तिकीट काढून येणाऱ्याची असते. पाळण्याशी उभा असलेला मुलगा दिवसभरात शेकडो वेळा तेच करतो. उंची बघायची, पट्टा ओढून बघायचा, रडणाऱ्या पोराला समजवायचं, रांग मोडणाऱ्या बापाला हात जोडायचे. आणि हे सगळं हसत. 1983 मध्ये आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं, की चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही श्रमच आहेत आणि तेही विकले जातात. 1955 साली उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये कामगारांना नाटकातले कलाकार म्हणतात. नाव छान आहे. पण नाटकातल्या नटाला पडदा पडल्यावर बसता येतं.

माझा एक माजी विद्यार्थी एका पार्कात मेची सुट्टीभर राबला. ठरले होते नऊ तास, उभा राहिला बारा-तेरा. जादा तासांचं विचारलं की उत्तर यायचं, “शेवटी बघू.” हातात कागद काहीच नव्हता. जून उजाडला, गर्दी सरली, मुलगा घरी आला. हिशोब तिकडेच राहिला. त्याचं मला सर्वांत खटकलेलं वाक्य हे: “मॅडम, आम्ही हंगामी, आम्हाला कुठला कायदा?”

कायदा आहे. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा हॉटेलांप्रमाणेच करमणुकीच्या जागांनाही आस्थापना मानतो. आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर त्यात लिहिलेले आहेत. कामगार दोन महिन्यांसाठी आहे म्हणून हे हक्क निम्मे होत नाहीत. चार-पाच माणसांवर चालणारी टपरी त्यातून बरीचशी सुटते, हे खरं. पण मोठ्या पार्काला आणि हॉटेलाला ती सबब नाही. आणि 14 वर्षांखालच्या मुलाला तर कामावर ठेवताच येत नाही. 2016 च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात सूट दिली ती शाळा सांभाळून मदत करण्यापुरती. शेजारच्या हॉटेलवाल्याला प्रेमाने ‘चाचा’ म्हटलं म्हणून तो धंदा घरचा होत नाही.

मालकांची बाजू मला कळते. चार दिवसांच्या गर्दीवर त्यांना वर्षाचा खर्च काढायचा असतो. एक पाऊस अवेळी आला की बुकिंग रद्द होतात. पण आंब्याच्या बागायतदाराचा हंगामही छोटाच असतो आणि पाऊस त्यालाही गाठतो. तरी पेट्या भरणाऱ्याची मजुरी चुकवून कोणी बाग चालवली तर आपण त्याला शहाणा म्हणत नाही. दुसरं, बाराव्या तासाला पट्टा तपासणारा हात थकलेला असतो. त्या पट्ट्यात आपलंच लेकरू बसलेलं असतं.

आमच्या घरांत सणाचा प्रश्नही येतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. 2022 मध्ये रमजान ईद 3 मेला आली, म्हणजे ऐन सुट्टीत. अशा दिवशी पार्कात गर्दी जास्तच, कारण ईदची नमाज आणि शीरखुर्मा झाला की आपलीच कुटुंबं फिरायला निघतात. मुलं आपसात तोडगा काढतात. गणपतीला याने पाळी घ्यायची, ईदला त्याने. गणपतीला गावी जायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या मुस्लिम मुलाला समजावून सांगावं लागत नाही. जी सोय ही पोरं एकमेकांना देतात, ती पाळ्यांच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे?

घरच्यांनी मुलाला पाठवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. किती तास? पैसे कोण आणि कधी देणार? राहायचं कुठे? लेखी काय मिळणार? शाळांनीही आपला वाटा उचलावा. मराठीच्या तासाला आपण मागणीपत्र, विनंतीपत्र शिकवतो. पुस्तकांची मागणी, रोपांची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात एक पत्र थकलेल्या मजुरीच्या मागणीचं घालावं. आमची मुलं घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि पर्यटकाशी हिंदी बोलतात. तिकीट खिडकीवर मालक या चार भाषा फुकटात वापरतो. त्यातली एक तरी मुलाला स्वतःचा पगार मागायला उपयोगी पडली पाहिजे.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कोकणात मे महिन्यात घाम लवकर सुकत नाही. मालकांना एवढी मुदत पुरे.