तुझा आमदार कोण?

दोस्त, प्रश्न साधा आहे. तुझा आमदार कोण?

क्रिकेटची अख्खी टीम तुला पाठ. अमेरिकेत कोण गादीवर बसलाय तेही ठाऊक. पण नालासोपारा पूर्वेच्या बैठ्या चाळींत, वसई फाट्यावरच्या कंपन्यांमागच्या खोल्यांत, विरारच्या डोंगराखालच्या वस्तीत हा प्रश्न विचारला की पोरं आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग कुणी नगरसेवकाचं नाव सांगतो. कुणी 'आप्पा' म्हणतो, कुणी 'भाऊ'. एकानं मला सरळ बिल्डरचं नाव सांगितलं. माझं मत विचाराल तर त्यातल्या त्यात खरं उत्तर त्याचंच होतं.

याला अडाणीपणा म्हणून हसणारे पांढरपेशे आपल्यातही झालेत. त्यांनी आधी स्वतःच्या सोसायटीत विचारून बघावं. आपला आमदार माहीत नसतो याचं कारण माणसात कमी आणि नकाशात जास्त आहे. तो नकाशाच उघडू.

वसई-विरार हे एक शहर, असं महापालिकेच्या पाटीवर लिहिलंय. ३ जुलै २००९ ला वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका नि ५३ गावं एकत्र बांधून ते तयार केलं. २०११ च्या शिरगणतीत माणसं १२ लाख २२ हजार. नगरसेवक ११५, आयुक्त एक. पण विधानसभेत याच शहराचे तीन तुकडे. एक तुकडा १३३ वसई, दुसरा १३२ नालासोपारा, तिसरा १३१ बोईसर. नोव्हेंबर २०२४ ला वसईतून भाजपच्या स्नेहा दुबे पंडित निवडून आल्या, नालासोपाऱ्यातून भाजपचेच राजन नाईक, बोईसरमधून शिंद्यांच्या शिवसेनेचे विलास तरे. त्याआधी या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीकडं होत्या. म्हणजे 'आप्पा' म्हणणारा पोरगा अगदीच चुकत नव्हता, फक्त त्याचं घड्याळ मागं राहिलं होतं.

वसई, नालासोपारा समजलं. हे बोईसर कुठून आलं? बोईसर वैतरणेच्या पलीकडं, पालघर तालुक्यात, तारापूरच्या कारखान्यांचं गाव. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत वसई तालुक्याचा पूर्वेकडचा पट्टा, मांडवीच्या बाजूचा, अहमदाबाद हायवेच्या अंगाचा, उचलून त्याला चिकटवला. वसई स्टेशनात उतरणारा, वसई-विरारच्या पालिकेला घरपट्टी भरणारा माणूस मत देतो बोईसरला. त्याला आमदार कोण विचारलं तर तो साहजिकच वसईचं नाव सांगतो. नंतर मतदानाच्या चिठ्ठीवर बोईसर वाचून त्याला वाटतं छापखान्याची चूक आहे.

भानगड एवढ्यावर संपत नाही. कलेक्टर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्याला होता, आता पालघरला. पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदरबरोबर. प्रत्येक खात्यानं हे शहर आपापल्या सुरीनं कापलंय. आणि कापलेल्या कडेवर कोण राहतं? आपण. वस्ती नेहमी हद्दीवर असते, बाबा. गावात होती तेव्हा गावकुसाबाहेर, शहरात आली तर नाल्यापलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, हायवेच्या आतल्या बाजूला. गटार तुंबलं म्हणून गेलं की एका टेबलावरचा माणूस म्हणतो हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्या टेबलावरचाही तेच म्हणतो. दोघंही खरं बोलत असतील. पण गटार कुठं ना कुठं येतंच की!

त्यात नगरसेवकही नव्हते. महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली, पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. साडेपाच वर्षं प्रशासक. त्या काळात निवडून दिलेला, मुंबईत उभा राहून बोलू शकेल असा आमदारच तेवढा शिल्लक होता. तारांकित प्रश्न टाकणं, लक्षवेधी मांडणं त्याच्या हातात. आणि त्याच काळात काय झालं ते आठव. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या. २०२४ च्या अखेरीला सुरुवात, २०२५ च्या सुरुवातीला सगळं सपाट. जागा सांडपाण्याच्या प्रकल्पाला नि डम्पिंगला राखीव होती. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. पुढं २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरारच्या विजयनगरात बेकायदा बांधलेली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. इमारतीचं नाव रमाबाई अपार्टमेंट. नाव ऐकलं आणि काळजात चर्र झालं.

या इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. तळमजला होताना दिसतो, स्लॅब पडताना दिसतो, खोल्या विकल्याची जाहिरात ट्रेनच्या डब्यात चिकटते. तेव्हा प्रश्न कुणी विचारायचा होता? आमदारानं. आणि आमदाराला कुणी धरायचं होतं? त्याच्या मतदारानं. मतदारालाच आपण कुणाचे मतदार ते माहीत नसेल, तर धरणार कुणाला, हवेला?

याच सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या म्युझियमात आहे. स्तूपावर आपण बुद्धपौर्णिमेला जातो, फोटो काढतो, पण त्या लेखात काय आहे ते किती जणांनी वाचलंय? सम्राट सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला हिंडायचे, मी धम्मयात्रा काढतो, खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटतो, बोलतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा. त्याला तर मतंही मागायची नव्हती.

आता मताच्या किमतीचं बोलू. नालासोपारा मतदारसंघात २०२४ ला मतदार सहा लाखांच्या वर. शेजारच्या वसईत साडेतीन लाखांच्या आसपास. दोघांना आमदार एकेक. रेषा आखली ती २००१ च्या शिरगणतीवर. त्यानंतर मुंबईनं ओकून टाकलेला सगळा गरीब सोपाऱ्यात येऊन पडला, इमारतींवर इमारती चढल्या, रेषा तिथंच. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य येईल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकवली तर इमारत उडेल. आपण त्याच्याही खाली घसरलोय. सोपाऱ्याच्या चाळीतल्या मताचं मूल्य राजकारणातही पुरतं एक उरलेलं नाही. वसईच्या मानाने ते जेमतेम अर्ध्याच्या वर भरतं.

राखीव जागांचंही ऐक. पालघर जिल्ह्यात सहा मतदारसंघ. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर हे चार अनुसूचित जमातींना राखीव. नालासोपारा, वसई खुले. अनुसूचित जातीला जिल्ह्यात एकही नाही. आपल्याला जवळचा राखीव मतदारसंघ शोधायचा तर अंबरनाथ, धारावी नाहीतर कुर्ला. आदिवासी भावांच्या चार जागा त्यांच्या हक्काच्या आहेत, त्यावर डोळा ठेवणारा आपला नाही. मला त्यांचंच दुःख सांगायचंय. बोईसरची जागा आदिवासीला राखीव, पण तिच्यात शहराचा एवढा मोठा पट्टा घातलाय की उमेदवार आदिवासी असला तरी त्याला निवडून आणणारं किंवा पाडणारं मत हायवेवरच्या खोल्यांतून निघू शकतं. हा खेळ आपण ओळखायला हवा, कारण तो आपल्याशी आधी खेळला गेलाय. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. जागा १४८ मिळाल्या, त्या निवडून द्यायचा अधिकार सर्वांना वाटला. माणूस आपला, मत त्यांचं. मग तो विधिमंडळात कुणाच्या तोंडानं बोलणार? पुणे कराराचा धिक्कार आपण दरवर्षी करतो, आणि तोच करार आपल्या दारातून जाणाऱ्या रेषेत रोज चालू असतो तो दिसत नाही.

पँथरच्या पोरांना हे गणित कळत होतं. १९७३ ला आर. डी. भंडारे राज्यपाल होऊन बिहारला गेले, मध्य मुंबईची लोकसभेची जागा रिकामी झाली. जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे. पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर दगडफेक, मग दंगल. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. आदिक पडले. त्या बहिष्कारावर पुढं हजार वाद झाले, मलाही त्यातले काही मान्य आहेत. पण वरळीच्या बीडीडी चाळीतलं मत कुठल्या पेटीत पडतं, हे तिथल्या पोराला माहीत होतं. म्हणून तो ते रोखूही शकला. ज्याला पेटीच माहीत नाही, त्याचा बहिष्कार आणि त्याची झोप यात काय फरक?

आज त्याच चाळींतली, कुर्ल्याची, चेंबूरची, घाटकोपरची आपली माणसं सोपारा-विरारला भाड्यानं आलीत. पोरं इथल्या शाळेत, बाई इथल्या कंपनीत, आणि नाव अजून तिकडच्या यादीत. मतदानाला कोण जातो? सुट्टी मिळाली तर एखादा. कारण विचारलं की म्हणतात खोली भाड्याची आहे, बिल्डिंग बेकायदा आहे, मालक करार करून देत नाही. अरे, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाच. तो एवढंच विचारतो की तू इथं सर्वसाधारणपणे राहतोस का. उलट तिथं घर नावावर आहे एवढ्यानं कुणी रहिवासी ठरत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. इमारत बेकायदा असेल, तू बेकायदा नाहीस. पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म, नवं नाव घालायला सहा नंबरचा. मतदार यादीच्या पहिल्याच पानावर मतदारसंघाचा नंबर, नाव आणि यादीभाग असतो. तिथं १३१ आहे, १३२ आहे की १३३, ते बघ. एका वस्तीत समोरासमोरच्या दोन गल्ल्यांतही फरक पडू शकतो, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून मोकळा होऊ नको.

आपल्या गटागटांच्या पुढाऱ्यांना या यादीत रस नाही. त्यांना पाठिंब्याचं पत्र द्यायचं असतं, पत्राला यादी लागत नाही, लेटरहेड लागतं. पण वसईत २०२४ ला फरक किती मतांचा होता? ३,१५३. १९९० पासून मधली पाच वर्षं सोडली तर ती जागा राखून असलेले हितेंद्र ठाकूर तेवढ्यानं पडले. एवढी मतं दोन-तीन वस्त्यांत निघतात, नावं यादीत असली तर. रेषेवर भांडता येत नाही असंही कुणी सांगू नये. २००९ ला पालिकेत गावं घातली म्हणून गावकरी उठले, त्याच लाटेवर विवेक पंडित अपक्ष आमदार झाले, २०११ ला सरकारला २९ गावं वगळायची अधिसूचना काढावी लागली. ती पुढं कोर्टात अडकली नि २०२४ ला सरकारनंच मागं घेतली, ते सोडा. गावकऱ्यांनी हद्दीवरून सरकार हलवलं होतं.

विधान परिषदेबद्दल दोन शब्द, कारण तिथंही आपले म्हणवणारे आमदार आहेत. कोकण पदवीधर मतदारसंघात पालघर येतो. तिथली यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, आपण होऊन अठरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आपल्या वस्तीत पदव्यांच्या फ्रेम भिंतीवर आहेत, नाव यादीत नाही.

पुढची रेषा लवकरच पडणार आहे. विधानसभेच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत गोठवून ठेवल्या होत्या. त्या शिरगणतीची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. त्यात जात विचारणार आहेत. अनुसूचित जातीला जागा किती, हे त्या रकान्यातल्या आकड्यावर ठरतं. इथं आपल्यात मोठा घोळ आहे. काही मित्र म्हणतात, बौद्ध झालो, आता जात कशाला सांगू? त्यांचा राग मला समजतो. पण १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्या जातीच्या नावावर आहेत. धर्म बौद्ध लिहून जातीचा रकाना कोरा सोडला, तर तू अनुसूचित जातीच्या मोजणीतून गळालास, आणि तुझ्याबरोबर तुझ्या जागेचा हिशोबही. माझं म्हणणं धर्म बौद्ध लिहा आणि जात लिहा. लाज वाटायची ती जात लादणाऱ्यांना वाटू दे.

मागच्या वेळी कुलदीप सिंग आयोगाबरोबर प्रत्येक मोठ्या राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते. आयोग आराखडा छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. मागच्या सुनावणीला आपल्यातलं कोण गेलं होतं, हे मी बऱ्याच जुन्या कार्यकर्त्यांना विचारलं. एकानंही स्वतःचं नाव सांगितलं नाही. यावेळी वस्तीवस्तीतल्या पोरांनी आत्तापासून यादीचं पहिलं पान काढून नकाशावर खूण करायला घेतलीय. सोपारा पूर्वेचं काम निम्म्यावर आलंय. हायवेच्या पलीकडचं अजून कुणी हातात घेतलेलं नाही.