ढगांतून उडण्याचे शिक्षण : अमेरिका की युरोप?

सातारा, सांगली - एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांच्या खरेदीची घोषणा केल्यानंतर वैमानिक होण्याची ओढ महानगरांपुरती राहिलेली नाही. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे. तेथे आकाशाचे आकर्षण जुनेच. तासगावचा द्राक्ष बागायतदार वा विट्याचा गलाई व्यावसायिकही मुलासाठी आता हा विचार करू शकतो. कराडला धावपट्टी आहे, प्रशिक्षणासाठी बारामती जवळ आहे. तरीही अनेकांची नजर परदेशाकडे वळते आणि तेथेच पहिला पेच पडतो तो 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग'चा.

पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग उतरले की वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. अशा वेळी केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालविण्याची पात्रता म्हणजे हे रेटिंग. ते नसेल तर विमान कंपनीचे दार उघडत नाही.

अमेरिकेत यासाठी मुख्य वैमानिक म्हणून ५० तासांचे लांब पल्ल्याचे उड्डाण आणि उपकरणांवरील ४० तास लागतात. त्यांपैकी प्रशिक्षकाबरोबरचे १५ तास सक्तीचे. लेखी परीक्षा एकच, ६० प्रश्नांची; उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण. खरी कसोटी परीक्षकासमोरच्या तोंडी परीक्षेत आणि उड्डाणात लागते. युरोपात हवामानशास्त्रापासून रेडिओ दिशादर्शनापर्यंत सात स्वतंत्र विषय असून प्रत्येकात ७५ टक्के गुण हवेत. एका इंजिनाच्या विमानावरील नेहमीच्या अभ्यासक्रमात उपकरणांवरील प्रशिक्षणच ५० तासांचे असते. साहजिकच वेळ आणि खर्च वाढतो.

युरोपचा अभ्यास अधिक खोल, म्हणून तो श्रेष्ठ, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. भारतात नोकरी करायची तर दोन्ही परवाने अखेर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या टेबलावर येतात आणि त्यांचे भारतीय परवान्यात रूपांतर करावे लागते. त्यासाठी हवाई नियमांची, तसेच दिशादर्शन व हवामानशास्त्राची परीक्षा द्यावीच लागते. युरोपात हेच विषय शिकून आलेल्यालाही त्यातून सूट नाही. शिवाय भारताची ५० आणि ४० तासांची अट अमेरिकेसारखीच आहे, कारण दोन्हींचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत आहे.

अमेरिकन मार्गातही खाचखळगे आहेत. तेथे हे रेटिंग कागदावर कधी संपत नाही. सहा महिन्यांतील सहा 'अप्रोच'चा सराव दाखवला की ते वापरता येते. भारतात मात्र दर वर्षी चाचणी द्यावी लागते. परतल्यावर कागदपत्रांत वर्ष घालविणाऱ्या विद्यार्थ्याचा सराव तोवर सुटलेला असतो. दुसरा प्रश्न तासांच्या नोंदीचा. सहकारी डोळ्यांवर आवरण घालून उड्डाण करीत असताना शेजारी बसलेला 'सेफ्टी पायलट' अमेरिकेत काही अटींवर ते तास मुख्य वैमानिक म्हणून लिहू शकतो. भारतीय व्यावसायिक परवान्याला लागणारे असे १०० तास या मार्गाने भरले असतील, तर येथे छाननीत अडचण येऊ शकते. स्वस्त 'पॅकेज'ची जाहिरात वाचताना पालकांनी हे आधी विचारावे.

मग युरोप कोणासाठी? ज्याच्याकडे तेथे काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्याच्यासाठी. तो नसेल तर युरोपीय परवाना हाती असूनही तेथील कंपनीत प्रवेश मिळणे दुरापास्त. त्यातही ब्रिटन २०२१ पासून युरोपीय व्यवस्थेबाहेर आहे. लंडनजवळ शिकून मिळालेला ब्रिटिश परवाना युरोपात आपोआप चालत नाही. अमेरिकेत नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्यांपुढे तर २०१३ पासून सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट उभी आहे.

साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि या दोन जिल्ह्यांत तारण म्हणजे बहुधा घर किंवा जमीन. त्यामुळे शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी महासंचालनालयाची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी उरकून घेणे शहाणपणाचे. रंगांधळेपणासारखा दोष निघाला, तर फ्लोरिडा की स्पेन हा प्रश्नच उरत नाही.