दुपारचा एक खेळ आपल्यासाठी



गेल्या रविवारी मंदिरात स्वाध्याय संपला आणि एका काकूंनी मला खांबाआड घेऊन विचारलं, "काय गं, तू म्हणे त्या हॉलमध्ये परदेशी पिक्चर बघायला जातेस? आणि सासूबाईंनाही नेलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी तिथे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि चपला शोधायला लागले. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. आपण चोरी केल्यासारखं का वागलो? म्हणून आज नीट उत्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. आपल्या गावातली फिल्म सोसायटी महिन्यातून दोन रविवारी जगभरचे चित्रपट दाखवते. तिथे आपण बायकांनी जायला हवं, आपल्या मुलींना आणि जमेल तर सासवांना घेऊन जायला हवं. हे मी धर्म बाजूला ठेवून म्हणत नाही.

फिल्म सोसायटी म्हणजे काय, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ते थिएटर नव्हे. काही हौशी माणसं वर्गणी काढतात, हॉल भाड्याने घेतात, प्रोजेक्टर लावतात, चित्रपटाआधी कुणीतरी पाच मिनिटं माहिती सांगतं आणि नंतर ज्यांना थांबायचं ते चर्चेला थांबतात. आपल्याकडे ही चळवळ जुनी आहे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात अशी सोसायटी काढली. देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन १९५९ साली झालं. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. आणि आपल्या भागाला सिनेमाचं वावडं असायचं काही कारणच नाही. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' १९२५ साली काढला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले व्ही. शांताराम जैन घरात जन्मलेले. त्यांच्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये सहा खुनी कैद्यांना मारझोड न करता, विश्वासाने बदलायला निघालेला जेलर आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. अहिंसेची गोष्ट आपल्याच मातीतून परदेशात गेली होती. मग परदेशातली चांगली गोष्ट आपल्याकडे आली तर आपण दार का लावायचं?

आता काकूंचा आक्षेप. त्यांनी शब्द वापरला नाही, पण त्यांच्या मनात होता तो अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात एक आहे दुःश्रुती, म्हणजे जे ऐकून मन राग, द्वेष, मद, काम, परिग्रह यांनी गढूळ होतं ते ऐकणं. पाठशाळेत आपण हे पाठ केलं आहे. पण त्याचा अर्थ नीट लावून बघा. कसोटी मनाची आहे. ऐकल्यावर, पाहिल्यावर मन गढूळ झालं की निवळलं, हा प्रश्न आहे.

या कसोटीवर आपल्या घरातली संध्याकाळ तपासा. सात ते दहा टीव्ही चालू असतो. एक सून दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळते, सासू पडद्याआडून ऐकते, अंगावर लाखाचे दागिने घालून बायका झोपायला जातात. हे बघून आपलं मन निवळतं का? दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जावेच्या साध्या बोलण्यातही आपल्याला डाव दिसायला लागतो. त्याला कुणी नाव ठेवत नाही, कारण ते घरात बसून होतं. बाहेर जाऊन बघितलं की मात्र चर्चा होते.

आणि गोष्ट सांगणं-बघणं हे आपल्याला परकं कधी होतं? आपले चार अनुयोग प्रथमानुयोगाने सुरू होतात, म्हणजे कथा-चरित्रांनी. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांना वैराग्य कुठे झालं? नृत्याच्या सभेत. नीलांजना नाचता नाचता संपली, इंद्राने त्याच क्षणी दुसरी उभी केली, सभेला पत्ताही लागला नाही. ऋषभदेवांना मात्र दिसलं. सगळी सभा तेच नृत्य बघत होती, पण पाहणं वेगळं होतं. आपण काही तीर्थंकर नव्हे, हे मला कळतं. पण बघावं कसं, हे शिकता येतं एवढं तरी त्या कथेतून आपण घेऊ शकतो.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

मे महिन्यात सोसायटीने यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' लावला होता. चित्रपट १९५३ चा, काळा-पांढरा. मी एकटीच निघाले होते, तर त्या म्हणाल्या, "मी येते. घरात बसून तरी काय करू?" साडेचारलाच जेवण उरकलं, बाकीच्यांसाठी मुगाची खिचडी झाकून ठेवली आणि निघालो. हॉलमध्ये आमच्याशिवाय तीनच बायका होत्या. चित्रपट जपानी, खालच्या ओळी इंग्रजी. मी सुरुवातीला कानात सांगत होते. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "थांब आता. कळतंय मला."

गोष्ट एवढीशी आहे. ओनोमिची नावाच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे येतं. मुलगा डॉक्टर, मुलीचं केस करायचं दुकान. कुणी वाईट नाही. फक्त कुणाला वेळ नाही. शेवटी भाऊ-बहीण पैसे काढून आईवडिलांना अतामी या समुद्राकाठच्या गावी पाठवतात. तिथल्या स्वस्त मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर गोंगाट, म्हातारा-म्हातारीला झोप नाही. दोघं लवकर परत येतात तर मुलीचा चेहरा उतरतो. त्यांना खरा जीव लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. तिची एक लहानशी खोली, त्यात ती सासूला झोपायला जागा देते. दोघं गावी परततात आणि आई जाते.

रिक्षात सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरातून आल्यावर धान्य निवडताना म्हणाल्या, "त्या बाईला समुद्रावर पाठवलं ना, तिला तिथं झोप लागली नाही. मलापण लागत नाही."

आमच्याकडे काय आहे, सांगते. सासरे गेल्यापासून सासूबाई चार महिने थोरल्या दिरांकडे, चार महिने आमच्याकडे, चार महिने धाकट्यांकडे असतात. सगळ्यांना हे फार न्यायाचं वाटायचं. कुणावर भार नको, कुणाला राग नको. नातेवाईक कौतुक करायचे, 'बघा, तिन्ही मुलं कशी सांभाळतात.' नऊ वर्षं हे चाललं आणि नऊ वर्षांत आम्ही तिघी सुनांपैकी एकीनेही त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला कुठे राहायचं आहे. त्या दिवशी कळलं, प्रत्येक घर बदललं की पहिले आठ-दहा दिवस त्या जाग्याच असतात. सामायिकाला बसायची जागा बदलते, खिडकी बदलते, पाण्याचं भांडं कुठं ठेवलंय ते रात्री अंधारात सापडत नाही.

मी विचारलं, "मग काय करूया?" त्या म्हणाल्या, "माझं एक कपाट एका जागी राहू दे. बाकी मी फिरते."

अपरिग्रहावर मी पाठशाळेत मुलींना शिकवते. चार साड्या, एक जपमाळ, दोन पोथ्या एवढाच ज्यांचा परिग्रह, त्या बाईकडे ते ठेवायलाही स्वतःची जागा नव्हती, दर चार महिन्यांनी बॅग भरायची होती. आम्ही तिघी एकत्र बसलो. पहिल्यांदा जरा तोंडं वाकडी झाली, मग बोलणं झालं. आता त्यांचं कपाट आणि पलंग आमच्याकडे कायम आहे. मन होईल तेव्हा त्या दुसरीकडे जातात, किती दिवस ते त्याच ठरवतात. घरात क्रांती वगैरे काही झालेली नाही. पण त्यांना झोप लागते.

हे प्रवचनातून का नाही कळलं? मातृपितृसेवेवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. ऐकताना मला नेहमी वाटायचं, हे त्यांच्यासाठी आहे जे आईवडिलांना टाकतात. आपण तर करतो. त्या जपानी घरात मात्र टाकणारं कुणीच नव्हतं, सगळे करणारेच होते. म्हणून मी सापडले.

अशी आणखी उदाहरणं देता येतील. इराणच्या अब्बास किआरोस्तामींचा १९८७ चा चित्रपट आहे, 'मित्राचं घर कुठे आहे'. एका शाळकरी मुलाकडून मित्राची वही चुकून घरी येते. वही नसेल तर उद्या मित्राला शाळेतून काढतील, म्हणून तो शेजारच्या गावी घर शोधत पळत सुटतो. मोठी माणसं त्याचं ऐकतच नाहीत. जे आपलं नाही ते परत पोचवण्याची ती धडपड बघून माझ्या पाठशाळेतल्या मुलींना अचौर्याणुव्रत जेवढं कळलं, तेवढं माझ्या फळ्यावरच्या व्याख्येने कळलं नव्हतं.

कुरोसावांच्या 'राशोमोन'बद्दल मात्र सावध करते. एकाच खुनाच्या चार हकिकती त्यात आहेत आणि चर्चेत कुणीतरी हटकून म्हणतं, 'हा तर तुमचा अनेकांतवाद!' मला ते पटत नाही. हत्ती चाचपडणारे आंधळे खोटं बोलत नव्हते, त्यांना जेवढं हाताला लागलं तेवढं ते सांगत होते. राशोमोनमधली माणसं आपली प्रतिमा जपायला हकिकत फिरवतात. तो अनेकांत नव्हे, मान कषाय आहे. हे मी तिथे उभी राहून बोलले. पाय थरथरत होते, पण बोलले. लोकांनी ऐकून घेतलं, एका प्राध्यापकांनी कषाय म्हणजे काय ते विचारलं. आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पण ते सांगायला आपण तिथे असायला हवं ना.

काकूंच्या काळजीत काही खरं आहे, तेही मान्य करते. सगळेच चित्रपट आपण बघावेत असे नसतात. खेळ सभासदांपुरता असल्याने काही चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीतून गेलेले नसतात. नको ते दृश्य येतं, जेवणाच्या टेबलावर मांस दिसतं. मी एकदा अर्ध्यातून उठून आले आहे आणि त्याची मला लाज वाटली नाही. महिन्याचं पत्रक आधी येतं. गोष्ट वाचावी, संयोजकांना फोन करून विचारावं, मग ठरवावं. भाजी निवडून घेतो, मग चित्रपट का नाही निवडायचा? पर्वाच्या दिवसांत आणि दशलक्षणात मी जात नाही, तो माझा नियम आहे.

खरी अडचण वेगळी आहे. खेळ संध्याकाळी साडेपाचला असतो. आपल्या घरात तीच जेवणाची वेळ. एकटीने लवकर जेवून घेता येतं हो, पण दिवस मावळायच्या आत सगळ्या घराला गरम वाढायचं असतं तेव्हा बाई हॉलमध्ये कशी बसणार? वर्षभरात मला चार-पाच वेळाच जमलं. सोसायटीत एकही बाई कार्यकारिणीवर नाही, म्हणून ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मुद्दाम केलेलं नव्हतं. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दहा जणींची वर्षाची वर्गणी आली तर महिन्यातला एक खेळ दुपारी तीनला घेऊ. वर्गणी वर्षाची सहाशे, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये.

आतापर्यंत सहा नावं झाली आहेत. सातवं नाव सासूबाईंनी स्वतः घातलं. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये, त्यासाठी चित्रपटाआधी गोष्ट मराठीत सांगायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

तीन जणी हव्यात. काकू, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. खांबाआड विचारलंत, त्याचा राग नाही. एका दुपारी शेजारी येऊन बसा. मन गढूळ झालं तर पुढच्या रविवारी स्वाध्यायात सगळ्यांसमोर सांगा, मी ऐकून घेईन.