पिल्लाची आई दाखवा

उस्मानाबादी शेळी घेताना आपल्या जिल्ह्यातला माणूस किती चौकशा करतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तोंड उघडून दात बघतो, कास चाचपतो, हिच्या आईला जुळी होत होती का ते विचारतो, बोकड कुणाचा होता तेही विचारून घेतो. तोच माणूस कुत्र्याचं पिल्लू घेताना विचारतो फक्त जात आणि किंमत. 'लॅब क्रॉस आहे, डबल बोन आहे' एवढं ऐकलं की पैसे काढतो. आई कुठंय, बाप कोणता, हे कुणी विचारतच नाही.

क्रॉस पिल्लू काटक असतं, त्याला आजार होत नाहीत, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. दोन्ही जातींचे दोष वेगवेगळे असतील तरच त्यात तथ्य आहे. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष मुळातच आढळतो, मग त्यांच्या संकराला संरक्षण कुठून मिळणार? दोन महिन्यांचं पिल्लू अंगणात मस्त धावतं. लंगडणं कळतं पुढं, जीव जडल्यावर. ऑस्ट्रेलियात 1989 साली वॉली कॉन्रन यांनी अंधांना वाट दाखवण्यासाठी लॅब्रेडॉर आणि पूडलचा संकर केला. त्याची नक्कल करत लोक आईबापांची तपासणी न करताच पिल्लं काढू लागले, आणि आपण हे सुरू केलं याचा कॉन्रन यांना पुढं जाहीर पश्चात्ताप झाला. हळूहळू दृष्टी घालवणारा एक आनुवंशिक आजार या दोन्ही जातींत आहे. आई आणि बाप दोघंही वरून ठणठणीत, पण दोघांतही तो दोष दडलेला असेल, तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

आपल्या गोठ्यांतली एक सवय मला सगळ्यात जास्त घोर लावते. गोचीड झाली, खरूज झाली की शेळ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन कुत्र्यालाही टोचायचं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष असतो. अशा कुत्र्यात हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं झोकांड्या खातं, बेशुद्ध पडतं, मरतंही. दोष आई किंवा बाप एकाकडूनच आला तरी धोका वाढतो. राखणीला ठेवलेल्या आपल्या 'शेफर्ड क्रॉस'च्या अंगात काय आहे, हे त्याच्या कानांवरून ओळखता येत नाही.

कारवानीचंही तसंच. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. नांदेडच्या माळेगाव यात्रेत श्वानांचं प्रदर्शन भरतं, तिथं ही सडपातळ, लांब तोंडाची कुत्री बघत उभं राहावंसं वाटतं. पण वेग वाढावा म्हणून त्यांत ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं आणि पिल्लू विकताना ते सांगितलं जात नाही. ग्रेहाउंडच्या यकृतात काही भुलीच्या औषधांचं विघटन फार सावकाश होतं. थायोपेंटोन दिलं तर शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर यायला त्याला खूप वेळ लागतो. म्हणजे नसबंदी करणाऱ्या डॉक्टरला बापाची जात कळणं हा जिवाचा प्रश्न आहे. कारवानीच्या घराण्यातल्याच मुधोळसाठी कर्नाटकनं तिम्मापूरला संशोधन केंद्र काढलं, कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत त्याची जात म्हणून नोंद झाली. आपल्याकडची कुत्री तितक्याच तोलाची आहेत, आणि नोंदीविना त्यांत काय काय मिसळत चाललंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायदा आहे. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम 2017 पासून लागू आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतली मादी लावायची नाही. बाजारात टोपलीत डोळे किलकिले करत बसलेली पिल्लं बघितली की हे नियम किती जणांना ठाऊक आहेत ते कळतं.

म्हणून पिल्लू बाजारात घेऊ नका, ते जन्मलं त्या घरी जा. आई समोर आणायला सांगा. ती खंगलेली आहे का, अंगावर खरजेचे चट्टे आहेत का, माणूस जवळ गेल्यावर ती कशी वागते, ते बघा. बाप परगावचा असेल तर त्याच्या मालकाशी फोनवर बोला. मोठ्या जातीचा संकर असेल तर आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का, डोळे तपासलेत का, हे विचारा. काढला नसेल तर उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करायला सांगा. तिथवर जाण्याची पैदास करणाऱ्याची तयारी नसेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, पैसे देऊ नका. लस कोणत्या तारखेला दिली ते कार्डावर बघा, कारण पार्व्हो झालेलं पिल्लू आठवडाभर अगदी धडधाकट दिसू शकतं. आणि त्याच कार्डाच्या पहिल्या पानावर आईची जात, बापाची जात आणि दोघांच्या मालकांची नावं विकणाऱ्याच्याच हातानं लिहून घ्या. पिल्लू घरी आणल्यावर त्याला कोणतंही इंजेक्शन देण्याआधी ते पान डॉक्टरांना दाखवा.