प्लॅस्टरच्या देवदूताचे ऋण

दिवाळीत घरोघरी मुले मातीचा रायगड रचतात. त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात, बुरुजावर चिमुकले निशाण लावतात. तो पाहून "हा रायगड खोटा आहे, मोडून टाका!" असे म्हणणारा पाहुणा अजून कोणाच्या घरी आल्याचे ऐकिवात नाही. कलेच्या प्रांतात मात्र असे पाहुणे आले, आणि दुर्दैवाने त्यांचे ऐकलेही गेले.

युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरांच्या दारांवर संत, प्रेषित आणि देवदूत दगडात कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात त्या मूर्तींचे तुकड्यातुकड्यांनी साचे घेऊन प्लॅस्टरच्या प्रतिकृती ओतल्या गेल्या. स्पेनमधील सांतियागो येथील माटेओ या शिल्पकाराच्या भव्य देवडीवर ११८८ हे साल कोरले आहे. १८६६ मध्ये ब्रुचियानी नावाच्या कारागिराने तिचे साचे घेतले आणि ती सबंध देवडी लंडनला प्लॅस्टरमध्ये उभी राहिली. १८७३ साली उघडलेल्या दालनात, आजच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात, ती अजूनही आहे. ज्याच्या खिशात स्पेनच्या प्रवासाचे पैसे नव्हते, त्या सुताराच्या पोरानेही ती पाहावी, हा त्यामागचा हेतू. १८६७ साली तर अशा प्रतिकृतींची देवाणघेवाण व्हावी म्हणून युरोपातील पंधरा राजपुत्रांनी करारावर सह्या केल्या!

पुढे विसाव्या शतकात अस्सलाचे सोवळे सुरू झाले. नक्कल म्हणजे असत्य, संग्रहालयात तिला जागा नको, असे पंडित म्हणू लागले. ठिकठिकाणच्या प्रती तळघरात गेल्या, काही फोडल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तर आपल्याजवळच्या कित्येक प्रती २००६ साली लिलावात काढल्या.

या पंडितांना माझा एकच सवाल आहे. फ्रान्समधील रँस येथील हसऱ्या देवदूताचे डोके आज धडावर कसे? १९१४ च्या सप्टेंबरात जर्मन तोफांच्या माऱ्याने ते मंदिर पेटले आणि देवदूताचे शिर खाली पडून फुटले. युद्धानंतर तुकडे जुळवून ते पुन्हा बसवण्यात आले. ते हास्य नेमके कसे होते, याची साक्ष दिली पॅरिसच्या संग्रहालयातील प्लॅस्टरच्या प्रतीने. व्हिओले-ल्-द्यूक यांच्या कल्पनेतून १८८२ साली उघडलेल्या त्या संग्रहालयाला कोणी "खोट्या मूर्तींची वखार" म्हणून टाळे ठोकले असते, तर?

प्लॅस्टरला दगडाचा भार नाही, शतकांची धूप-मेणबत्ती त्याने सोसलेली नाही, हे मला कबूल आहे. प्रतीसमोर कोणी गुडघे टेकीत नाही. पण असत्य म्हणजे फसवणूक, आणि नावाची पाटी लावून उभी असलेली प्रत कोणाला फसवते? उलट धुराने आणि पावसाने झिजणाऱ्या दगडाचा दीडशे वर्षांपूर्वीचा चेहरा तीच जपून ठेवते. मूळ झिजत जाते, तसतशी प्रत अधिक मोलाची होते.

आणि हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे समजू नका. साँचीच्या पूर्व तोरणाचीही प्रतिकृती हेन्री हार्डी कोल यांनी १८६९ च्या सुमारास तयार करवून घेतली होती. ती लंडनच्या त्याच दालनात माटेओच्या देवडीसारखीच दिमाखात उभी होती. देवडी राहिली, तोरण आज तेथे नाही. टाकून देण्याची वेळ आली की प्रथम कोणाचे टाकले जाते, हे वाचकांनीच ओळखावे.

म्हणून यंदा भाऊबीज झाल्यावर मुलांचा किल्ला मोडायला निघालात, तर आधी त्यांना विचारा. त्यांना अस्सल आणि प्रत यांतला फरक पक्का ठाऊक असतो. तरीही रायगड पाहायचा हट्ट त्या मातीच्या किल्ल्यापाशीच सुरू होतो.