विश्लेषण : प्लगला लावले की उंदीर, डास, साप पळतात? ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रांचे खरे काय?

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात घराला लागून उसाचा फड, अंगणात गोठा आणि शेजारी कांद्याची बराखी हे नेहमीचे चित्र. जिथे धान्य, तिथे उंदीर आणि जिथे उंदीर, तिथे साप. यावर उपाय म्हणून मोबाइलवर एक जाहिरात सतत समोर येते. काहीशे रुपयांचे छोटे यंत्र प्लगला लावा. उंदीर, झुरळे, डास, पाली, इतकेच काय तर सापही घर सोडतील. विष नको, पिंजरा नको. हा दावा कितपत खरा? आणि बिबट्याला हटवण्यासाठी वनविभागही आवाज करणारी यंत्रे लावतो, मग घरातले यंत्र का चालणार नाही?

यंत्र नेमके काय करते?

माणसाला साधारण 20 हर्ट्झ ते 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यावरचा आवाज म्हणजे अल्ट्रासॉनिक. यंत्रातील छोटा स्पीकर असा आवाज काढतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण उंदराला येतो. घरातील उंदीर 70-80 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज सहज टिपतात आणि धोक्याचा इशारा देताना स्वतःही 22 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात. म्हणजे कल्पनेचा पाया खोटा नाही. अडचण पुढे आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण भौतिकशास्त्राची. 40 किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत जेमतेम साडेआठ मिलिमीटर असते. इतक्या लहान लहरी भिंत, कपाट, धान्याची पोती यांना वळसा घालून पलीकडे जात नाहीत. कठीण वस्तूवरून त्या परततात, गोधडी-गादीत जिरतात. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते, शिवाय हवाही हा आवाज शोषून घेते. त्यामुळे स्वयंपाकघरातील यंत्राचा आवाज माळ्यावर किंवा पोत्यांच्या थप्पीमागे पोहोचतच नाही. उंदीर मात्र नेमका तिथेच असतो.

दुसरी अडचण सवयीची. नवा आवाज आला की उंदीर सुरुवातीला बिचकतो. तो आवाज रोज येतो, त्यातून इजा काहीच होत नाही आणि खाणे जागेवरच असते, हे कळले की तो परत येतो. म्हणूनच ‘पहिले चार दिवस फरक पडला’ हा अनेकांचा अनुभव खरा असू शकतो. मात्र चार दिवसांवरून यंत्र चालते असे म्हणता येत नाही.

चाचण्यांत काय आढळले?

डासांबाबतचा निष्कर्ष सर्वांत स्पष्ट आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 2007 मध्ये प्रत्यक्ष ठिकाणी झालेल्या 10 चाचण्या एकत्र तपासल्या. यंत्र चालू असताना आणि नसताना अंगावर बसणाऱ्या डासांच्या संख्येत उपयोगी ठरेल असा फरक दिसला नाही. मलेरिया टाळण्यासाठी अशी यंत्रे वापरण्याची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष त्यात आहे. डास मुख्यतः दुसऱ्या डासाच्या पंखांचा आवाज टिपतो आणि तो काहीशे हर्ट्झचा असतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 हून अधिक कंपन्यांना इशारापत्रे पाठवली. दाव्यामागे शास्त्रीय पुरावा हवा, एवढेच त्यांना बजावण्यात आले. यंत्रांमुळे उंदरांची वर्दळ कमी झाली तरी ती थोडी आणि तात्पुरती असते, याकडेही आयोगाने लक्ष वेधले.

एक अपवादही सांगायला हवा. ब्रिटनमध्ये घरांच्या बागांत मांजरे येऊ नयेत म्हणून लावलेल्या अल्ट्रासॉनिक यंत्राचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. दोनपैकी एका प्रयोगात मांजर बागेत येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने घटली. पण ते यंत्र उघड्या जागेत होते आणि मांजर समोर आल्यावरच वाजत होते. आपल्या घरातले यंत्र दिवसरात्र वाजते आणि उंदीर धरणाऱ्या मांजरालाही त्याचा आवाज ऐकू येतो!

बिबट्यासाठीची यंत्रे वेगळी कशी?

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूरमधील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा मृत्यू झाला. गळ्याचे रक्षण व्हावे म्हणून खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या महिलांची छायाचित्रे त्यानंतर राज्याने पाहिली. या वनविभागात काही ठिकाणी ‘अनायडर्स’ नावाची यंत्रे लावण्यात आली आहेत. सेन्सरला प्राण्याची चाहूल लागली की यंत्राचे दिवे लखलखतात आणि मोठा आवाज होतो.

हे यंत्र आणि प्लगमधले यंत्र यांत दोन मोठे फरक आहेत. अनायडर्स प्राणी आल्यावरच वाजते, त्यामुळे सवय होण्याचा वेग कमी राहतो. आणि त्याचा आवाज माणसालाही ऐकू येतो. बिबट्या हटला नाही, तरी घरातील माणूस सावध होतो.

अर्थात, यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. चिलीमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लुकलुकत्या दिव्यांमुळे प्यूमा हा मोठा मार्जारवर्गीय प्राणी पाळीव जनावरांपासून दूर राहिला, पण त्याच दिव्यांना कोल्हे बधले नाहीत. शिवाय तो प्रयोग काही महिन्यांचाच होता. वर्षानुवर्षे काय होईल, हे त्यावरून ठरवता येत नाही.

जुन्नरचा धडा

उपाय मोजून का पाहायचा, हे जुन्नरइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल. 2001 नंतर या भागात वस्तीजवळचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम झाली. वरवर पाहता उपाय बिनतोड होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासले, तेव्हा चित्र उलटे निघाले. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मोहिमेनंतर, 2001 ते 2003 मध्ये ही सरासरी 17 वर गेली. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पटण्यासारखा’ उपाय आणि ‘चालणारा’ उपाय या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

सर्वांत मोठा धोका कोणता?

उंदीर गेला नाही तर पाचशे रुपये वाया गेले, एवढ्यावर विषय संपत नाही. सापाच्या दाव्यावर विश्वास ठेवणे जिवावर बेतू शकते. सापाला बाह्यकान नसतो. जमिनीतील कंपने आणि काहीशे हर्ट्झपर्यंतचे खालच्या पट्टीतील आवाज तो टिपतो. अल्ट्रासॉनिक आवाज त्याच्यासाठी नसल्यात जमा आहे. तो येतो उंदराच्या मागावर आणि उंदीर येतो धान्यासाठी.

त्यातही मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याची नोंद अनेकदा होते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसतात, तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू झाले. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा केंद्राने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टर याच पट्ट्यात वर्षानुवर्षे सर्पदंशावर उपचार करत आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर प्रतिसर्पविष उपलब्ध आहे. गरज असते ती वेळेत पोहोचण्याची.

त्यामुळे यंत्र लावले म्हणून खाटेऐवजी जमिनीवर झोपणे, मच्छरदाणी काढून ठेवणे किंवा रात्री बॅटरी न घेता गोठ्यात जाणे, हे टाळाच.

मग करायचे काय?

- धान्य पत्र्याच्या कोठीत, घट्ट झाकणाखाली ठेवा. जनावरांचा खुराकही उघडा नको.
- दाराखालची फट, पाइपभोवतीची भोके बुजवा. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फटही पुरते. तारेची जाळी आणि सिमेंट वापरा, कापडाचा बोळा उंदीर कुरतडतो.
- सरपण, विटा, भंगार घराच्या भिंतीला लागून रचू नका.
- पिंजरे भिंतीच्या कडेने ठेवा, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता कडेने जातो.
- डासांसाठी साठलेले पाणी काढा आणि मच्छरदाणी वापरा.
- साप चावल्यास चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. रुग्णाला हालचाल करू न देता रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी 108.

यंत्र आधीच घेतले असेल तर?

ते चालते का, हे स्वतः तपासा. यंत्र बंद ठेवून आठवडाभर रोज सकाळी उंदराच्या लेंड्या मोजा किंवा रात्री भिंतीकडेला पीठ भुरभुरून पाऊलखुणा पाहा. नंतर यंत्र लावून चार आठवडे तेच करा. या काळात इतर काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. चौथ्या आठवड्याचा आकडा पहिल्याइतकाच असेल, तर उत्तर मिळाले.

असे असेल तर परत करण्याची मुदत पाहा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ताच नसेल, तर असे यंत्र मुळात घेऊच नका.