गिअरबॉक्स खोला, मग बोला!

गाडी म्हातारी झाली की तिला सल्लागार फार मिळतात. आमच्या एरंडोलला हायवेवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर "गेर नीट पडत नाही" एवढं एक वाक्य टाकून बघा. चहा गार व्हायच्या आत तीन मतं तयार! एक म्हणतो, "इकी टाक ना भो, कसाले खर्च करस?" दुसरा म्हणतो, भंगारातून जुना बॉक्स आण आणि चढव. तिसरा म्हणतो, जाड ऑइल टाक, दोन वर्षं ढकलली जाईल. तिघांपैकी एकानेही गाडी पाहिलेली नसते.

मित्रहो, आपण इंजिनिअरिंगवाले यापेक्षा फार वेगळं वागतो असं समजू नका. हॉस्टेलवर हाच विषय निघाला तेव्हा मेसच्या टेबलावर सरळ दोन तट पडले, आणि मशीन डिझाइनमध्ये डिस्टिंक्शन मिळवलेला आमचा एक दोस्तसुद्धा फक्त "गाडीची किंमत किती, खर्च किती?" एवढंच विचारत होता. माझं मत असं की दुरुस्त करायची की बदलायची हा प्रश्न आपण चुकीच्या वेळी विचारतो, आणि वर त्याला चुकीच्या आकड्याशी तोलतो.

आधी आमच्या घरचा मामला सांगतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. घरी २००३ ची मारुती ८०० आहे. एम.एच.-१९ पासिंग, चार गेरची, पांढरी (होती). आजीला दर पंधरा दिवसांनी जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे ही गाडी हौसेची नाही. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला, आणि पुढे तिसरा गेर चालत्या गाडीत आपोआप निघून यायला लागला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बोनेटसुद्धा नीट न उघडता सांगितलं, "पूर्ण असेंब्ली बदला, नाहीतर गाडी द्या आणि नवी घ्या." नव्या गाडीचं डाउन पेमेंट म्हणजे बहिणीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली एफ.डी. मोडणं. पप्पा दोन रात्री गप्प होते.

आता जरा आपल्या विषयाकडे वळू. "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य "माणूस आजारी आहे" इतकंच मोघम आहे. आजार कोणता, ते गाडी स्वतःच सांगत असते, फक्त ऐकावं लागतं. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबला की घरघर बंद? इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो? मग गिअरबॉक्सचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही, ते क्लचचं रिलीज बेअरिंग. सगळेच गेर जड पडतात? आधी क्लच केबल आणि क्लच प्लेट बघा. आवाज एकाच गेरात येत असेल तर त्या गेरचे दाते तपासायचे. आणि गेर निघून येत असेल तर फोर्क झिजला असेल, डॉग टीथच्या कडा गोल झाल्या असतील, नाहीतर एक एवढीशी स्प्रिंग थकली असेल. कधी कधी तर इंजिनच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असतं, आणि बॉक्स फुकट बदनाम होतो!

दुसऱ्या गेरच्या कर्ररची गोष्ट मजेशीर आहे. आपण "सिंक्रोमेश" हा शब्द परीक्षेत चार मार्कांसाठी लिहितो. प्रत्यक्षात ती एक पितळी रिंग असते, आतून कोनासारखी उतरती आणि बारीक आटे पाडलेली. गेर टाकताना ही रिंग गेरच्या कोनावर घासते, मधलं तेल आट्यांतून बाजूला सरतं, घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मगच दाते एकमेकांत बसतात. आटे झिजून रिंग गुळगुळीत झाली की तेल सरकत नाही, पकड येत नाही, आणि वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दाते एकमेकांवर आपटतात. तो कर्रर्र म्हणजे हेच. मुख्य गेरचे दाते यात ठणठणीत असू शकतात. जाड ऑइल टाकून हे सुधारणार नाही, उलट रिंगखालचं तेल सरकायला आणखी वेळ लागेल. टपरीवरच्या तिसऱ्या मताचा निकाल लागला!

पप्पांना मी एकच म्हटलं, बॉक्स उघडू, मग ठरवू. हायवेवरच्या एका जुन्या मिस्तरींकडे गाडी नेली. त्यांनी आधी ऑइल काढलं आणि त्यात चुंबक फिरवला. ऑइलमध्ये सोनेरी चमक होती, पण चुंबकाला जवळपास काही लागलं नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे झिजलंय ते रिंगचं. पोलादाचे तुकडे निघाले असते तर दाते किंवा बेअरिंग गेलं असं धरावं लागलं असतं. मग बॉक्स उतरवून खोलला. एकेक गेर कापडाने पुसून, उजेडात धरून ते म्हणाले, "दाँते साबूत हैं." दुसऱ्याची रिंग गुळगुळीत, तिसऱ्याचा फोर्क एका बाजूने खाल्लेला, एक बेअरिंग ढिलं, सील कडक झालेले. बस्स. एवढ्यासाठी असेंब्ली?

पार्ट, ऑइल आणि मजुरी धरून आकडा निघाला १४,०००. यात क्लच सेटही आला, आणि तो मुद्दाम घातला. या गाडीत इंजिन आडवं आहे, डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच घरात आहे, म्हणजे बॉक्स उतरवायचा तर ड्राइव्ह शाफ्टही काढावे लागतात. ही मेहनत एकदा केली की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सील तेव्हाच बदलायचे. सहा महिन्यांनी क्लच गेला तर तीच मजुरी पुन्हा द्यायची!

आता तो लाडका प्रश्न: "पस्तीस-चाळीस हजारांच्या गाडीला चौदा हजार?" ही तुलनाच मला पटत नाही. गाडी विकायची असेल तर बाजारभाव महत्त्वाचा. आम्हाला तर आजीला जळगावला न्यायचंय. म्हणून चौदा हजार तोलायचे ते दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी. आपल्याकडे १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते (दहा-पंधरा वर्षांवरून चालणारा वाद दिल्ली परिसराचा आहे, टपरीवर लोक तो इथे आणून चिकटवतात). आमची नोंदणी २०२३ मध्ये वाढवली, ती २०२८ पर्यंत चालेल. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० केली गेली. शिवाय पर्यावरण कर आहेच. म्हणजे आमच्यासाठी खरी सीमारेषा २०२८ आहे, तेव्हा पुन्हा विचार करावा लागणार. तोपर्यंत दोन वर्षं धरली तरी १४,००० म्हणजे महिन्याला सहाशेच्या आत. अडीच लाखांची सेकंडहँड गाडी घेतली तर दोन वर्षांत तिची किंमत चौदा हजारांपेक्षा कमी उतरेल असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. कर्जाचं व्याज वेगळंच.

पण यावरून "जुनी गाडी नेहमी दुरुस्तच करा" असा झेंडा मी घेतलेला नाही. आमच्याच काकांची काळी-पिवळी जीप होती. तिचा बॉक्स गेला तेव्हा त्यांनी उघडण्यात एक दिवसही घालवला नाही. आपला बॉक्स अधिक पैसे देऊन दुरुस्त केलेला तयार बॉक्स घेतला, संध्याकाळी चढवला, सकाळी गाडी कासोद्याच्या फेरीला. त्यांचं बरोबर होतं. धंद्याची गाडी चार दिवस उभी राहिली तर बुडालेल्या फेऱ्या दुरुस्तीपेक्षा महाग पडतात. मोठे ताफेही असंच करतात: उतरवलेला बॉक्स सावकाश खोलायचा, तोवर गाडी दुसऱ्यावर चालवायची. बिघाड तोच असला तरी गाडीच्या कामावरून निर्णय बदलतो.

भंगारातला बॉक्स मात्र मला भीतीदायक वाटतो. तो किती चालला, ते कुणालाच माहीत नसतं. घ्यायचाच तर मागून ठोकल्या गेलेल्या गाडीचा शोधावा, झिजून भंगारात गेलेल्या गाडीचा नको. शाफ्ट हाताने फिरवून बघा, ऑइलचा वास घ्या, चुंबक फिरवा. आणि "ओम्नीचा चालेल ना, इंजिन तर तेच" असं कुणी सांगितलं तर हात जोडा. इंजिन ७९६ सी.सी.चंच, पण ओम्नीची मागची चाकं फिरतात आणि ८०० ची पुढची. बॉक्स वेगळा.

तुटलेल्या दात्यांचंही असंच. एकच गेर नवा टाकून त्याचा झिजलेला जोडीदार तसाच ठेवला तर दोघांचं जमत नाही, आवाज येतो आणि नवाही लवकर खराब होतो. जोडी बदलावी लागते, आणि तिथे बिल झपाट्याने वाढतं. घर म्हणजे केसिंगच तडकलं असेल तर मी स्वतः दुरुस्तीच्या बाजूने बोलणार नाही. त्याहून मोठा शत्रू गंज. फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं तिथला पत्रा बोटाने दाबून बघा. तिथे गंजली असेल तर चौदा हजार कशाला, चौदाशेही घालू नका.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. आमच्या ८०० मध्ये एअरबॅग नाही, आणि धुराच्या बाबतीत २०२० नंतरच्या बी.एस.-६ गाडीपुढे ती उभीही राहू शकत नाही. हायवे रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, त्यात ही छोटी डबी. या कारणासाठी कुणी गाडी बदलली तर मी टाळी वाजवीन. पण मग कारण तेच सांगा ना! सहाशे रुपयांच्या रिंगचं निमित्त करून, पाहुण्यांच्या दारात जुनी गाडी लावायची लाज झाकू नका. खानदेशात कापसाचे पैसे हातात आले की शोरूमवाले जागे होतात, आणि घरातली चालती गाडी अचानक "गेलेली" ठरते.

नव्या गाड्यांत हा प्रश्न आणखी अवघड होणार आहे. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे ए.एम.टी. गाड्या लोकप्रिय झाल्या. आत बॉक्स साधाच असतो, क्लच दाबायला आणि गेर टाकायला यंत्रणा बसवलेली. तिथे बिघाड पुष्कळदा त्या बाहेरच्या यंत्रणेत असतो. ती तपासायला स्कॅनर लागतो, तो नसला की "पूर्ण बदला" हे उत्तर सोपं पडतं. असं सांगणाऱ्याला आपण "कोड कोणता आला, दाखवा" असं विचारू शकलो पाहिजे, नाहीतर चार वर्षं इथे मेसचं जेवण कशासाठी खाल्लं?

आपल्या लॅबमधलं गिअरबॉक्सचं कट-सेक्शन मॉडेल मी आलो तेव्हापासून तिसऱ्या गेरात अडकलंय. सरांना विनंती आहे की त्याच्या शेजारी भंगारातला एक खरा बॉक्स आणून ठेवावा, चांगला झिजलेला, आणि वर्षातून एकदा हायवेवरचे एखादे मिस्तरी बोलवावेत. मानधन आम्ही वर्गणी काढून देऊ. चुंबक माझ्याकडे आहे.